स्लाविता आणि पुणे : दुर्मीळ यहुदी धर्मग्रंथांचा संग्रह आणि मराठी हग्गादा

हिब्रू ग्रंथांच्या संग्राहकांमध्ये काही गावांची नावे विशेष आदराने उच्चारली जातात. स्लाविता, झितोमीर, कोरेत्स, झोल्कियेव, श्क्लोव, कोपुस्त ही आजच्या युक्रेन आणि बेलारूसमधील गावे. सामान्य इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील छापखान्यांतून हसिदी पंथाचे ग्रंथ बाहेर पडले, आणि शीर्षकपृष्ठावर यांपैकी एखादे नाव असणे एवढ्यानेच आज प्रतीचे मोल बदलते. ग्रंथ तोच, संहिता तीच, पण एक प्रत स्लाविताची आणि दुसरी अन्य ठिकाणची असेल तर संग्राहक पहिलीला हात लावण्यापूर्वी हात धुतो. हे मोल नेमके कशाचे आहे, हा या लेखातील पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न आपल्या अधिक जवळचा आहे. त्याच शतकात मुंबई आणि पुणे येथे यहुदी धर्मग्रंथ छापले गेले आणि त्यांची अर्धी भाषा मराठी होती. हसिदी ग्रंथांवरून सिद्ध झालेली संग्रहाची मोजपट्टी या ग्रंथांना लावता येते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ती लावता येत नाही. ती लावली की या ग्रंथांची हिब्रू बाजू संग्रहात जाते आणि मराठी बाजू वाचली जायची राहते.

हसिदी पंथाचा आरंभ मौखिक आहे. पंथाचे प्रवर्तक इस्राएल बेन एलियेझर, ज्यांना बाल शेम तोव म्हणून ओळखले जाते, ते १७६० मध्ये निवर्तले, आणि त्यांनी स्वतः ग्रंथरचना केली नाही. पंथाचा पहिला मुद्रित ग्रंथ 'तोलदोत याकोव योसेफ' हा १७८० मध्ये कोरेत्स येथे छापला गेला. त्याचे कर्ते बाल शेम तोव यांचे शिष्य होते आणि गुरूची वचने त्यांनी ग्रंथात जागोजाग नोंदवली. त्यानंतर १७९६ मध्ये स्लाविता येथे लिआदीच्या श्नेऊर झाल्मान यांचा 'तान्या' प्रसिद्ध झाला. बाल शेम तोव यांच्या चमत्कारकथांचा संग्रह 'शिव्हे हा-बेश्त' कोपुस्त येथे १८१४-१५ च्या सुमारास आला. मराठी अभ्यासकाला या शेवटच्या ग्रंथाचे स्वरूप समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. संतांविषयीच्या लोकमुखातील कथा त्यांच्या पश्चात दोन-तीन पिढ्यांनी एकत्र करणे आणि तो संग्रहच पुढे भक्तांच्या दृष्टीने प्रमाण ठरणे, ही प्रक्रिया आपण महिपतींच्या 'भक्तविजया'त (१७६२) पाहिलेली आहे. फरक आहे तो माध्यमाचा. महिपतींचा ग्रंथ पोथीरूपाने पसरला आणि मग छापला गेला, तर हसिदी कथा हस्तलिखितांच्या अल्प प्रवासानंतर थेट खिळ्यांत बसल्या. त्यामुळे हसिदी परंपरेत 'पहिली आवृत्ती' या संकल्पनेला जे वजन आहे ते वारकरी परंपरेत आलेच नाही.

स्लाविताचा छापखाना या सर्वांत अग्रगण्य मानला जातो, आणि त्याचे कारण केवळ सुबक अक्षर हे नव्हे. तो चालवणारे मोशे शापिरा हे स्वतः स्लाविताचे रब्बी आणि कोरेत्सचे सुप्रसिद्ध हसिदी सत्पुरुष पिन्हास यांचे पुत्र. म्हणजे मुद्रक हाच संतकुळातील. छापण्यापूर्वी खिळे मिक्वेत, म्हणजे धार्मिक स्नानकुंडात बुडवून शुद्ध केले जात, असे परंपरा सांगते. ही परंपरा वस्तुस्थितीशी कितपत जुळते हा भाग वेगळा. भक्त ज्या भावनेने ग्रंथ हाती घेत ती भावना तिच्यातून कळते. ग्रंथातील वचन पवित्र आहेच, पण ते ज्या शिशातून उमटले तेही पवित्र आहे, आणि ते जुळवणारे हातही. आपल्याकडे पोथी सोवळ्यात लिहिण्याचा आणि छापील पोथीच्या शाईत चरबी असल्याच्या शंकेने ती न शिवण्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. स्लाविताने तीच अडचण उलट दिशेने सोडवली. यंत्र नाकारण्याऐवजी तेथे यंत्रालाच सोवळे नेसवले.

या पावित्र्यावर पुढे छळाची छाया पडली. स्लाविताचे शापिरा आणि विल्नाचे रोम या दोन मुद्रक घराण्यांत तालमूदच्या नव्या आवृत्तीवरून १८३५ च्या सुमारास तीव्र वाद झाला. त्याच काळात स्लाविताच्या छापखान्यातील एक पुस्तकबांधणी करणारा कामगार गळफास लागलेल्या स्थितीत आढळला. झारच्या अधिकाऱ्यांनी शापिरा बंधूंवर खुनाचा आरोप ठेवला. श्मुएल आब्बा आणि पिन्हास या दोघा भावांना फटक्यांची शिक्षा झाली. फटके खात जाताना एका भावाची टोपी खाली पडली आणि उघड्या डोक्याने पुढे जाण्याऐवजी तो ती उचलण्यासाठी मागे वळला, ही कथा हसिदी घरांत आजही सांगितली जाते. १८३६ मध्ये रशियन साम्राज्यातील हिब्रू छापखाने हुकुमाने बंद करण्यात आले. त्यानंतर दहाएक वर्षे विल्ना येथील छपाईच काय ती अधिकृतपणे चालू राहिली, आणि १८४७ मध्ये शापिरांच्या पुढच्या पिढीने झितोमीर येथे नव्याने आरंभ केला. स्लाविताची प्रत दुर्मीळ का, याचे अर्धे उत्तर या हुकुमात आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की हे ग्रंथ रोज वापरून झिजले. प्रार्थनाग्रंथ हा कपाटात ठेवण्याचा ग्रंथ नव्हे.

संग्राहकाला येथे एक तांत्रिक अडचण येते. बंदीच्या काळात काही मुद्रकांनी नव्या पुस्तकांवर जुनी साले आणि भलत्याच गावांची नावे घातली. शीर्षकपृष्ठावर मोठ्या अक्षरांत प्रतिष्ठित गावाचे नाव आणि 'च्या अक्षरांप्रमाणे' हे शब्द बारीक अक्षरांत, हा प्रकार तर त्याहून जुना. सालही बहुधा सरळ अंकांत नसते. बायबलमधील एखादे वचन उद्धृत करून त्यातील काही अक्षरे ठळक छापतात. हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य असल्याने ठळक अक्षरांची बेरीज केली की साल निघते. संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या अखेरीस नेत्र, बाण, चंद्र असे शब्द योजून शक सांगण्याची जी पद्धत आहे तिची ही नात्यातली रीत. दोन्हीकडे काळ शब्दांत गुंफलेला आहे. दोन्हीकडे जुळाऱ्याने किंवा लेखकाने एक अक्षर चुकवले की ग्रंथाचे वय दहा-वीस वर्षांनी हलते. म्हणून अनुभवी संग्राहक शीर्षकपृष्ठावर विसंबत नाही. कागद, अक्षरवळण, नक्षीच्या चौकटी आणि आरंभीची रब्बींची संमतिपत्रे यांचा मेळ बसतो का, हे तो पाहतो.

या शोधाचा छंद थोर विद्वानांनाही जडला होता. यहुदी गूढवादाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी आपल्या संग्रहात नसलेल्या पुस्तकांची एक यादीच १९३७ मध्ये जेरुसलेममध्ये छापून वाटली. तिच्या 'आलू ले-शालोम' या नावात श्लेष आहे. 'शांततेने वर जा' हा एक अर्थ, आणि 'शालोम यांना किती पडले' असाही एक अर्थ निघतो. यादी विक्रेत्यांच्या हाती पडताच दुसरा अर्थ खरा ठरला, कारण किमती चढल्या. शोलेम यांचा सुमारे पंचवीस हजार ग्रंथांचा संग्रह आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

ग्रंथ कोणाचा, हा प्रश्न हसिदी संग्रहांच्या बाबतीत न्यायालयापर्यंत गेला. लुबाविच शाखेचे सहावे रेब्बे योसेफ यित्झाक श्नेऊरसोन १९५० मध्ये निवर्तले. न्यूयॉर्क येथील त्यांच्या ग्रंथालयातून १९८५ मध्ये काही शे दुर्मीळ ग्रंथ त्यांच्या नातवाने वारसाहक्काच्या भूमिकेतून नेले, आणि त्यांतील काही विकलेही गेले. ६ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकन संघ न्यायालयाने निर्णय दिला की ग्रंथालय कुटुंबाचे नसून समुदायाचे आहे. या खटल्यात रेब्बेंनी १९४६ मध्ये एका विद्वानाला लिहिलेले पत्र महत्त्वाचे ठरले. युद्धोत्तर युरोपातून ग्रंथ सोडवून आणण्यासाठी साहाय्य मागताना त्यांनी ते ग्रंथ समुदायाची ठेव असल्याचे म्हटले होते. त्याच घराण्याच्या, क्रांतीनंतर मॉस्कोत राहिलेल्या दुसऱ्या संग्रहावरून अमेरिका आणि रशिया यांच्यात वाद झाला. २०१० मध्ये अमेरिकन न्यायालयाने तो परत करण्याचा निर्णय दिला, रशियाने तो मानला नाही, आणि २०१३ मध्ये त्यातील काही ग्रंथ मॉस्कोतील यहुदी संग्रहालयात ठेवण्यात आले. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातून एवढेच घ्यायचे की हसिदी ग्रंथामागे एक संघटित समुदाय उभा आहे. तो आपल्या ग्रंथांना ओळखतो, त्यांची यादी ठेवतो आणि त्यांच्यासाठी भांडतो.

आता कोकणाकडे वळू. बेने इस्राएल समाज रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील खेड्यांत शतकानुशतके राहिला. तेलाचे घाणे चालवणे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे यामुळे त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले, हे सर्वश्रुत आहे. त्यांची आडनावे हा एक नकाशाच आहे. तळे गावाचे तळकर, राजपुरीचे राजपूरकर, किहीमचे केहिमकर, नागावचे नागावकर. हसिदी घराणीही गावांच्या नावांनीच ओळखली जातात. लुबाविच, बेल्झ, गेर ही मुळात गावे आहेत. परंतु तेथे गाव रेब्बेंच्या गादीचे असते, येथे ते साध्या तेल्याचे किंवा शिपायाचे असते. संग्राहकाच्या हाती एखादी जुनी प्रत आली आणि कोऱ्या पानावर मालकाचे नाव असले तर त्या आडनावावरून प्रतीच्या प्रवासाचे पहिले गाव कळू शकते.

या समाजाजवळ मुद्रणयुगापूर्वी धर्मज्ञानाचे लिखित साधन फारसे नव्हते. 'शेमा'चे पठण, शनिवारचा विसावा, सुंता आणि काही आहारनियम एवढे टिकून होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पहिले सभास्थान उभे राहिले (१७९६), पुढे कोचीनहून शिक्षक आले, आणि त्याच सुमारास मिशनऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. यहुदी मुलांना त्यांच्या धर्मभाषेची ओळख ख्रिस्ती मिशनऱ्याने मराठीतून करून द्यावी, यातील ताण समाजाच्या पुढाऱ्यांना जाणवल्याशिवाय राहिला नसणार. पुढील अर्धशतकातील त्यांचे स्वतःचे प्रकाशनकार्य या ताणातून वाचले पाहिजे.

त्यातील एक आरंभीचे आणि महत्त्वाचे पुस्तक म्हणजे १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघालेली हग्गादा. पेसाह सणाच्या रात्री घरोघरी वाचली जाणारी, मिसरातून सुटकेची कथा सांगणारी ही पोथी हिब्रू संहितेसह मराठी भाषांतर देते. तिच्याशी हालेगुआ हे कोचीनचे आणि गालसुरकर हे कोकणी आडनाव जोडलेले आहे. शिक्षक आणि शिष्य समाजांचा संयोगच तो. दुसरी आवृत्ती १८७४ मध्ये पुण्यात निघाली. ती तळकर आडनावाच्या दोघा बेने इस्राएल गृहस्थांनी सिद्ध केली, आणि तिचा मुद्रक होता विठ्ठल सखाराम अग्निहोत्री.

या नावाशी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. स्लाविताचा मुद्रक संताचा मुलगा, खिळे स्नानकुंडात बुडवलेले. पुण्याच्या हग्गादेचा मुद्रक, नावावरून पाहता, वैदिक अग्निहोत्राची परंपरा सांगणाऱ्या कुळातला. हसिदी मोजपट्टीने पाहता ही प्रत 'परक्या' हातून निघाली. आणि तरी बेने इस्राएल कुटुंबांनी ती सणाच्या पाटावर ठेवली. म्हणजे येथे पावित्र्य छापखान्याकडून ग्रंथात येत नाही, ते वाचणाऱ्या घराकडून येते. मुद्रकाचे नाव हा येथे अभिमानाचा नव्हे, व्यवहाराचा भाग आहे. म्हणून 'ऐतिहासिक छापखाना' हा घटक धरून संग्रह उभा करण्याची हसिदी पद्धत मराठी ग्रंथांच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही. येथे एकक आहे प्रत. कोणाच्या घरची, कोणत्या गावाहून आलेली, कोणी जपलेली.

लिपीचा मुद्दा याहून मूलगामी आहे. यहुदी समाजांनी जगभर ज्या देशी भाषा आपल्याशा केल्या त्या बहुधा हिब्रू लिपीत लिहिल्या. यिद्दिश तशी, लादिनो तशी, बगदादी यहुद्यांची अरबीही तशीच. १८५५ पासून सुमारे एक तप मुंबईत निघालेले 'दोरेश तोव ले-अम्मो' हे बगदादी यहुद्यांचे वृत्तपत्रही हिब्रू लिपीतील अरबीत होते. त्याच शहरातील बेने इस्राएल मात्र मराठी देवनागरीत लिहीत राहिले. या निवडीचे परिणाम मुद्रणाच्या पातळीवर स्पष्ट दिसतात. ब्रात्स्लावच्या नाहमान यांच्या कथा १८१५ मध्ये छापल्या गेल्या तेव्हा पानाच्या वरच्या भागात हिब्रू आणि खाली यिद्दिश अशी मांडणी होती. दोन भाषा, पण लिपी एक, दिशा एक, खिळे एकाच पेटीतले. हिब्रू-मराठी पुस्तकात एक भाषा उजवीकडून डावीकडे धावते, दुसरी डावीकडून उजवीकडे. जुळाऱ्याला दोन्ही लिपी याव्या लागतात, नाहीतर दोन जुळारी लागतात. शिळाछापात ही अडचण बरीच कमी होते. पानाची नक्कल हाताने लिहून दगडावर उतरवली की लिपी कोणतीही चालते. आरंभीचे काम शिळाछापावर झाले यामागे खर्चाइतकेच हेही कारण असावे असा तर्क करता येतो.

दोन दिशांच्या पुस्तकाला दोन आरंभ असतात. सूचीकार ज्या बाजूने पुस्तक उघडतो त्या बाजूचे नाव त्याच्या सूचीत येते. अव्राहाम यारी यांनी पूर्वेकडील हिब्रू मुद्रणाची जी सूची केली तिचा भारत आणि बगदादविषयीचा भाग १९४० मध्ये जेरुसलेम येथे प्रसिद्ध झाला. तो या क्षेत्रातील आधारग्रंथ आहे, आणि त्याचे शीर्षकच सांगते की त्याची दृष्टी हिब्रू मुद्रणावर आहे. यात दोष काढण्यासारखे काही नाही, ज्याचे त्याचे क्षेत्र असते. पण परिणाम असा की मुंबई-पुण्याची ही पुस्तके लिलावाच्या सूचीत येतात तेव्हा हिब्रू शीर्षक, गाव, साल, पृष्ठसंख्या यांचे तपशील अचूक असतात, आणि भाषांतराविषयी 'मराठीसह' एवढे दोन शब्द. भाषांतर कोणत्या वळणाचे आहे, परमेश्वराला कोणता शब्द वापरला आहे, 'तोरा'ला 'शास्त्र' म्हटले की 'नियमशास्त्र', मिशनऱ्यांच्या बायबलची पदावली स्वीकारली की टाळली, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. तौलनिक अभ्यासकाला मात्र नेमके हेच हवे असते. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये सिद्ध झाले आणि मराठी हग्गादा त्याच्या आदल्या वर्षीची आहे. हे दोन अनुवाद समोरासमोर ठेवून त्यांचा शब्दशः अभ्यास करणे हे काम मराठी वाचता येणाऱ्यालाच शक्य आहे.

पुण्याच्या हग्गादेतील चित्रे तुलनेने परिचित झाली आहेत. भारतीय वेषातील बायका जमिनीवर बसून सणासाठी बेखमीर भाकरी करीत आहेत हे दृश्य योसेफ हाइम येरुशाल्मी यांच्या हग्गादांच्या सचित्र इतिहासात (१९७५) जगापुढे आले. त्याआधी १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून त्या आवृत्तीची हुबेहूब प्रतिकृती वॉल्टर फिशेल यांच्या प्रस्तावनेसह निघाली होती. चित्राला भाषांतराची गरज नसते, म्हणून ते आधी प्रवासाला निघाले. मजकूर मागे राहिला.

छापील हग्गादेने काय आणले याबरोबर तिने काय मागे सारले, तेही पाहिले पाहिजे. बेने इस्राएल समाजात सणांना जुनी मराठी नावे होती. हिब्रू नववर्षाला 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताच्या दिवसाला 'दरफाळणीचा सण', जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या उपवासाला 'बिरड्याचा सण', आणि पेसाहला 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. ही नावे हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासात सापडतात. तो ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला, परंतु लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. मडके झाकण्याचा सण 'पेसाह' झाला तो शिक्षकांमुळे आणि या छापील पुस्तकांमुळे. हसिदी समाजातही मुद्रणाने मौखिक कथेला गोठवले, पण तेथे गोठलेली कथा त्याच समाजाची होती. येथे छापील पुस्तकाने समाजाला जगभरच्या यहुदी आचाराशी जोडले, आणि जोडताना त्याची स्वतःची नावे पुसट केली. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या विवाहांच्या धार्मिक वैधतेविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि १९६४ पर्यंत तो धुमसत राहिला. त्या वादाच्या पार्श्वभूमीवर शंभर वर्षांपूर्वीची ही मराठी धर्मपुस्तके पाहिली की ती निव्वळ दुर्मीळ वस्तू राहत नाहीत.

हग्गादेनंतरचे मोठे नाव योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४-१९०५) यांचे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि प्रार्थनाग्रंथांच्या मराठी अनुवादाचा मोठा भार त्यांनी एकट्याने उचलला. त्यांचे अनुवाद सभास्थानांत आणि घरांत वापरले गेले, म्हणजेच झिजले. परमेश्वराचे नाव असलेले जीर्ण पुस्तक यहुदी परंपरेत टाकून देत नाहीत, गेनिझात ठेवतात किंवा दफनभूमीत पुरतात. स्लाविता असो की मुंबई, दुर्मीळतेचे हे कारण सामाईक आहे. कोकणात त्यात दमट हवा, वाळवी आणि कसर यांची भर पडते. जी प्रत उरते तिच्यावर बहुधा डाग असतात. बेने इस्राएल सणाला द्राक्षाच्या मद्याऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत वापरीत आले आहेत. हग्गादेत प्याला उचलण्याच्या जागी तपकिरी ठिपका दिसला तर विक्रेता त्याला 'दोष' म्हणतो आणि किंमत उतरवतो. कोणते पान किती वेळा उघडले गेले, याचा तेवढाच एक पुरावा आपल्याजवळ असतो. डाग रसायनाने स्वच्छ करवून घेणाऱ्या संग्राहकाबद्दल प्रस्तुत लेखकाला आदर वाटत नाही.

शोधाचे एक साधन मराठी ग्रंथांना असे लाभले आहे जे हसिदी ग्रंथांना नाही. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक मुद्रित पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक झाले आणि मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. त्यांत मुद्रक, प्रकाशक, पृष्ठे, प्रतींची संख्या, किंमत आणि पुस्तक खिळ्यांवर छापले की शिळेवर, याचे रकाने असत. झारच्या राज्यात सत्तेची खूण परवानगीच्या रूपाने पुस्तकातच छापलेली आढळते, ब्रिटिश राज्यात ती पुस्तकाबाहेर दप्तरात आढळते. १८७४ च्या हग्गादेचा शोध या याद्यांतून घेता येतो. १८४६ ची या कायद्यापूर्वीची, तिच्यासाठी उरलेल्या प्रती हाच आधार.

या प्रती आज कोठे आहेत? विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या हिब्रू संग्राहकांपैकी एक, डेव्हिड सॉलोमन ससून, १८८० मध्ये मुंबईत जन्मले. त्यांच्या हस्तलिखितांची सूची 'ओहेल दाविद' १९३२ मध्ये दोन खंडांत निघाली. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे बायबलचे प्राचीन हस्तलिखित २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेले. ससून घराणे बगदादी. लंडनच्या जॅक लुन्झर यांनी उभारलेल्या वाल्माडोन्ना संग्रहातील सुमारे तेरा हजार मुद्रित ग्रंथांतील बहुतांश २०१७ मध्ये जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेले. या संग्रहांतून भारतीय हिब्रू मुद्रणाला जागा मिळाली ती हिब्रू म्हणून.

उरलेल्या प्रती कुटुंबांबरोबर गेल्या. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य इस्राएलला गेले, आणि लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा येथील घरांत आजीची मराठी पुस्तके पोचली. तेथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघाले. परंतु नातवंडांची भाषा हिब्रू झाली. म्हणजे ज्या घरात पुस्तक आहे तेथे त्याची उजवीकडची बाजू आता सहज वाचता येते आणि डावीकडची मुकी झाली आहे. आजोबांच्या काळात नेमके याच्या उलट होते.

भारतातही शोधाचा नकाशा अलिबाग, पनवेल आणि मुंबई एवढाच धरून चालणार नाही. बेने इस्राएल पुरुष मोठ्या प्रमाणावर मुंबई लष्करात होते, आणि छावणीबरोबर प्रार्थनापुस्तकही हलत असे. बंगळूरच्या म्हैसूर रस्त्यावरील यहुदी दफनभूमी १९०४ ची आहे आणि तेथील जुन्या कबरींत सुभेदार सॅम्युएल नागावकर यांची कबर आहे. अलिबागजवळच्या नागावचे नाव लावणारा माणूस म्हैसूर संस्थानात विसावला. आजची ये-जा संगणकव्यवसायामुळे होते. बंगळूरच्या दक्षिणेला तमिळनाडूच्या सीमेला भिडलेल्या आनेकल तालुक्यात, इलेक्ट्रॉनिक सिटीपासून अत्तिबेलेपर्यंत, महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे वस्ती करून आहेत. अशा स्थलांतरात घरातील जुनी पुस्तके एक तर बरोबर येतात किंवा निघण्याआधी रद्दीत जातात. मराठी अध्यासनाने महाराष्ट्राबाहेर केलेल्या कौटुंबिक ग्रंथांच्या पाहणीत धर्माच्या रकान्याखाली केवळ पोथ्या आणि गाथा यांचीच विचारपूस होणे पुरेसे नाही.

येथे कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंची आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, साहित्यिक वा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांची खासगी निर्यात निषिद्ध केली आहे. परदेशी विक्रेत्याला प्रत पाठवण्यापूर्वी कुटुंबाने चौकशी करणे त्यांच्या हिताचे असते. बहुतेक वेळा प्रतीचे संपूर्ण छायाचित्रण, दोन्ही बाजूंनी आणि कोऱ्या पानांसह, एवढे झाले तरी अभ्यासाचे काम भागते, आणि पुस्तक घरातच राहते.

शेवटी एका साहित्यप्रकाराचा उल्लेख करायला हवा, ज्याला वरीलपैकी कोणत्याच संग्रहात नीट जागा नाही. १८८० मध्ये मुंबईत बेने इस्राएल तरुणांनी 'कीर्तनोत्तेजक मंडळ' स्थापन केले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातील प्रमुख. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची चरित्रे साकी, दिंडी, अभंग यांसारख्या परिचित चालींवर, पूर्वरंग-उत्तररंगाच्या हरिदासी वळणाने गायिली जाऊ लागली आणि त्यांच्या छोट्या पुस्तिका छापल्या गेल्या. हसिदी सत्पुरुषांभोवती कथा आणि गाणे यांचा जो मेळ जमला त्याच्याशी तुलना करावी असा मराठीतील यहुदी साहित्याचा हाच प्रकार. परंतु या पुस्तिकांत हिब्रू मजकूर मुख्य नाही, म्हणून हिब्रू संग्राहकाची नजर त्यांच्यावरून सरकते. नायक बायबलचे, म्हणून मराठी कीर्तनवाङ्मयाचा अभ्यासक त्या ख्रिस्ती साहित्याच्या गठ्ठ्यात टाकतो. कागद हलका, बांधणी दोऱ्याची, किंमत मुळातच काही आण्यांची. जुन्या बाजारात त्या सापडल्या तर बहुधा एकेकट्या सापडत नाहीत, पंचांगे आणि शालेय क्रमिक पुस्तके यांच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात मध्येच कोठेतरी असतात, आणि गठ्ठा वजनावर विकला जातो.